खंगाळायचा दिवस

माझ्याकडे पूर्वी दोन मूत्रपिंडं होती आणि त्यांतलं डावं जास्त हुशार होतं. ते आता माझ्या धाकट्या भावाकडे राहतं, दोन गल्ल्या पलीकडे, त्याच्या पोटात उजव्या बाजूला बरंच खाली. राहतं म्हणजे मी दिलं म्हणून राहतं. पळून गेलेलं नाही.

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अकरा मजली इमारतीत माझी एक लिफ्ट चौदाव्या मजल्यापर्यंत जाऊन परत आली होती, आणि आत बसलेल्या बाईंनी खाली उतरल्यावर वरच्या हवेची तारीफ केली होती, हे मी सांगितलं की लोक एकमेकांकडे बघून मिशीत हसतात. त्यामुळे मूत्रपिंडाचं सांगितलं तरी तसंच हसतात. मग मला सदरा वर करून टाक्यांची खूण दाखवावी लागते. चौदाव्या मजल्याची खूण दाखवता येत नाही, त्याला इलाज नाही. ती इमारतच पाडली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी डावं उजव्याचा निरोप घेत बसलं, म्हणून सगळं तासभर लांबलं. शेजारच्या खोलीत नेऊन धाकट्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलं, तर शेवटचे टाके पडायच्या आधीच ते कामाला लागलं आणि सर्जनचे बूट भिजले. यातला बुटांचा भाग माझा. बाकीचं खुद्द डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि त्या बाई हवेत बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

तेव्हापासून आमचा एक रिवाज पडला. भेटलो की धाकटा माझा हात धरून सदऱ्यावरून त्या जागेवर ठेवायचा आणि विचारायचा, काय म्हणतंय तुझं? मी कान देऊन ऐकल्यासारखं करायचो आणि बातमी द्यायचो. म्हणतंय, जागा बरी आहे, पण मालक घोरतो. म्हणतंय, काल चहा फार झाला, मला काय मोरी समजलात? धाकट्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, म्हणायची की काका, ते तुमच्याहून वाचाळ निघालं. आई लहानपणीच गेल्यामुळे ती आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या थापांवर वाढली आणि म्हणूनच की काय, मोठी झाल्यावर प्रयोगशाळेत गेली. तिथे म्हणे प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो.

धाकट्याची लाँड्री आहे. नुसते कपडे धुणारे पुष्कळ असतात. हा डाग काढतो. गंज, शाई, रक्त, यंत्राचं काळं ऑइल. लोक त्याला डागदर म्हणतात, आणि बाहेरगावचा एक माणूस तर त्याच्याकडे खोकला दाखवायला आला होता. ऑइलच्या डागांवर त्याने हात साफ केला तो माझ्याच कपड्यांवर. त्याच्या दुकानाचे कायदे आहेत आणि ते त्याने कधी मोडले नाहीत. डाग काढायचं औषध आधी आतल्या शिवणीवर थेंबभर टाकून बघायचं. डाग निघाला की कापड खंगाळायचं, पुन्हा खंगाळायचं, पाण्याचा वास घेऊन बघायचा, आणि मगच औषधाचा दुसरा हात द्यायचा. तो म्हणतो, औषधाने डाग जातो. कापड जातं ते मागे राहिलेल्या अंशाने. आणि तिसरा कायदा असा, की एखादं कापड आपल्या हातून खराब झालंच, तर गिऱ्हाईक दुकानात येण्याची वाट बघायची नाही. ते कापड हातावर घेऊन आपण त्याच्या दारात जायचं, आणि सांगून होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.

आता औषधाबद्दल. परक्याचं मूत्रपिंड अंगात आलं की शरीराचे वॉचमन त्याला धक्के मारून बाहेर काढायला बघतात. वॉचमन या जातीशी माझा जन्माचा संबंध. लिफ्ट बंद पडली म्हणून तेच फोन करणार आणि हातात पाने-पकडी घेऊन गेलो की तेच दारात अडवून विचारणार, कोण तुम्ही? भाऊ असलो म्हणून काय झालं, त्यांच्या लेखी माझं डावं परकंच. म्हणून धाकट्याला सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल घ्यावी लागते. तिने वॉचमन पेंगतात. ती पाकिटातून काढली की ओल्या कुत्र्यासारखा वास येतो. तिच्यापायी त्याच्या हातांना बारीक कंप आला, आणि कानांवर केसांचं असं रान माजलं की एका चिमणीने तिथे काड्या आणायला सुरुवात केली होती. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. मूत्रपिंड नीट चाललं होतं ना, मग झालं तर.

मग हळूहळू रक्तातल्या क्रिएटिनीनचा आकडा चढायला लागला. मूत्रपिंड दमलं की हा आकडा चढतो, एवढं आम्हा अडाण्यांनाही पाठ झालेलं. डॉक्टरबाईंनी औषधाची रक्तातली पातळी तपासली, ती बरोबर होती. त्यांनी सांगितलं की जे औषध मूत्रपिंडाला सांभाळतं तेच वर्षानुवर्षं त्याला झिजवतंही. डोस जितका उतरवता येईल तितका उतरवून झाला होता. आणखी उतरवला तर वॉचमन जागे होणार. आपण बघत राहू, असं त्या म्हणाल्या. डॉक्टर बघत राहू म्हणाले की आपण कुठे बघायचं ते ते सांगत नाहीत. धाकटा घरी येऊन इस्त्रीपाशी उभा राहिला आणि एकाच बाहीवरून कितीतरी वेळ इस्त्री फिरवत राहिला.

योगायोग म्हणा, पुतणी प्रयोगशाळेत नेमकं हेच काम करत होती. योगायोग कसला, बापासाठीच तिने ते काम मागून घेतलं होतं. आम्हाला ते नंतर कळलं. प्लास्टिकच्या चपट्या बशांत ती मूत्रपिंडाच्या पेशी वाढवायची. गुलाबी पाण्यात, अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात. औषध पोटात गेलं की यकृत त्याचे तुकडे करतं, आणि ते तुकडे रक्तातून हिंडतात. प्रश्न एवढाच, की मूत्रपिंडाला त्रास देतं ते अख्खं औषध, की हे तुकडे? म्हणून ती एका बशीत औषध टाकायची आणि बाकीच्या बशांत एकेक तुकडा.

एका संध्याकाळी जेवताना धाकट्याने तिला विचारलं की तुझ्या बशा काय म्हणतात. ती टाळत होती. त्याने परत विचारलं, तेव्हा म्हणाली की काही तुकडे गरीब आहेत, काही खट आहेत. खट तुकडा टाकला की पेशींच्या आत बारीक बारीक फुगे येतात, मग त्या बशीचा तळ सोडतात आणि पाण्यावर तरंगायला लागतात. धाकट्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"म्हणजे औषध नाही," तो म्हणाला, "औषधाचं उरलेलं."

"बाबा, औषधही. दोन्ही. आणि हे बशीतलं आहे. माणूस म्हणजे बशी नव्हे."

"बरं," तो म्हणाला, आणि उरलेला घास खाल्ला.

तो बरं म्हणाला की विषय संपला असं आम्ही आजवर धरत आलो होतो. मी त्या रात्री डाव्याची बातमी दिली की ते फुगे वगैरे काही नाही म्हणतंय, आणि आम्ही हसलो. पुतणीने भांडी घासली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचं मी तुम्हाला सांगतो ते मला फार उशिरा कळलं. आठवड्यातून एक दिवस लाँड्री बंद असते. त्या दिवशी धाकट्याने कॅप्सूल घ्यायचं बंद केलं. सकाळची नाही, संध्याकाळची नाही, नुसतं पाणी. तांब्यामागून तांब्या. दिवसभर तो स्वतःला आतून खंगाळत होता. त्याच्या दुकानाच्या हिशोबाने यात गैर काहीच नव्हतं. औषधाचा हात देऊन झाला, आता अंश धुऊन काढायचा, आणि उद्या पुन्हा हात द्यायचा. कुणाला सांगायचं त्याला सुचलं नाही. गिऱ्हाइकाला आपण कापड किती वेळा खंगाळलं ते सांगतो का आपण? आणि तपासणीचा वार सुट्टीपासून लांब, त्यामुळे औषधाची पातळी दर वेळी, खालच्या कडेला का होईना, मर्यादेतच भरायची.

आणि गंमत बघा. पुढच्या तपासणीत आकडा उतरला.

फार नाही, पण उतरला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून कागद बघितला, चष्मा लावून बघितला, आणि म्हणाल्या की असंच चालू ठेवा. काय चालू ठेवा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण धाकट्याला होतं. त्या दिवशी त्याने भर दुपारी लाँड्रीचं शटर ओढलं आणि आम्हा दोघांना बाहेर जेवायला नेलं. पुतणी इतकी हसत होती की तिला ठसका लागला. मी डाव्याची बातमी दिली की ते पगारवाढ मागतंय. धाकटा म्हणाला, देऊ, आणखी एक सुट्टी देऊ. आम्हाला वाटलं विनोद आहे. तो विनोद नव्हता. खंगाळायचे दिवस त्याने आठवड्याला दोन केले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो सकाळीच माझ्या दारात उभा राहिला. मी आत ये म्हटलं तर येईना. उंबऱ्याबाहेर उभा, पायांत चपला पुरत्या शिरलेल्या नाहीत, पावलं सुजून वर आलेली. डावा हात कोपरात वाकवून पोटाशी धरलेला, जसा तो गिऱ्हाइकाच्या दारात धरतो. हातावर कापड मात्र नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "तुझी वस्तू माझ्या हातून खराब झाली."

मी महिन्यापूर्वी एक कोट दिला होता त्याच्याकडे. मला वाटलं, तोच. मी म्हटलं, "गेला तर गेला. तसाही तो मला पोटावर बसत नव्हता. आत ये आधी."

"कोट नाही," तो म्हणाला.

मग त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खंगाळायचे दिवस, पाणी, आकडा, आणखी एक दिवस. आता लघवी आटली आहे आणि त्या जागेवर हात ठेवला की दुखतं. सांगून झाल्यावरच त्याने उंबरा ओलांडला. कायदा म्हणजे कायदा. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण आपल्या दारात गिऱ्हाईक म्हणून उभं राहण्याची माझी ही पहिलीच वेळ होती आणि गिऱ्हाइकाने काय बोलायचं असतं ते मला येत नव्हतं.

दवाखान्यात त्याला आडवं केलं, बारीक सुई घालून माझ्या डाव्याचा कणभर तुकडा काढला आणि काचेखाली बघितला. वॉचमन आत घुसले होते. डॉक्टरबाईंनी जोरकस औषधं सलाइनमधून सुरू केली. त्या रागावल्या नाहीत, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. ज्याच्यावर उपाय असतो त्याच्यावर माणूस रागावतो.

बाहेरच्या बाकावर पुतणी बसली होती. प्रयोगशाळेतून तशीच आली होती, हातांना रबरी हातमोज्यांच्या पावडरीचा वास. बाप आत झोपलेला आणि बापाच्या पोटातलं दुखणं तिच्या बशीत रोजचं. तिला मी विचारलं की आकडा उतरला होता तो कसा मग, तो तर कागदावर होता. तिने समजावलं. हे औषध मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या नळ्या आवळून धरतं. औषध सोडलं की नळ्या सैल होतात, रक्त जास्त जातं, आकडा उतरतो. आतलं नुकसान तिथल्या तिथेच असतं, आणि वॉचमन तेवढ्यात डोळे चोळायला लागतात.

"आणि पाणी?" मी विचारलं. "दिवसभर पाणी पीत होता तो."

"ते तुकडे जास्त करून पित्तातून जातात, काका. पाण्याने खंगाळून निघत नाहीत." मग ती म्हणाली, "एवढं एक वाक्य मी त्या दिवशी बोलले असते तर."

माझ्याजवळ प्रत्येक प्रसंगाला एक गोष्ट असते. तिच्या लहानपणी गुडघा फुटला तर असते, परीक्षेत गटांगळी खाल्ली तर असते. त्या बाकावर मी माझ्या सगळ्या गोष्टी चाचपून बघितल्या. चौदावा मजलाही काढून बघितला. एकही लागू पडेना. समोरच्या लिफ्टचं दार उघडत मिटत राहिलं. त्याचा डावा पट्टा घासत होता. ते मात्र मला लगेच कळलं.

मग मी उठून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, माझ्याकडे उजवं आहे अजून. डाव्याइतकं हुशार नाही, पण कष्टाळू आहे, तक्रार करत नाही. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं की एकाच माणसाकडून दोन्ही घेत नाहीत. मी म्हटलं, माझं वय झालं, मला कुठे आता बढती मिळायची आहे. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ते लागेल." एवढंच. मी त्यांना इमारती, वॉचमन, काहीही सांगून त्यांचं मन वळवू शकलो असतो असं मला बाहेर आल्यावर वाटलं. तसं वाटण्याची माझी सवयच आहे.

आमच्या धंद्यात एक कापडी पाटी असते. लिफ्टचा बिघाड सापडला की आपण तो दुरुस्त करतो आणि निघतो, पाटी लावायला वेळ कुणाला असतो. बिघाड सापडेना, की मग दारावर पाटी लावायची: काम चालू आहे. लोकांना बरं वाटतं. आत कारागीर चहा पीत वायरींकडे बघत बसलेला असतो.

सलाइनच्या औषधांनी वॉचमन पुन्हा झोपले. डावं मेलं नाही. पण आकडा जिथे चढला होता तिथून थोडासाच उतरला आणि तिथेच थांबला, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखा. वरच्यांना फक्त डोकी दिसतात आणि खालच्यांना फक्त पाय. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता तीच कॅप्सूल, रोज, दोन्ही वेळा, एकदाही न चुकवता. ती झिजवणार हे खरं. ती सोडली तर काय होतं ते बघितलंतच. किती दिवस चालेल, असं धाकट्याने विचारलं. चालेल तोवर, असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी अशा आवाजात सांगितलं की त्यावर पुढे काही विचारता येत नाही.

पुतणी पुन्हा बशांकडे गेली. ती म्हणते खट तुकड्यांतला एक आता तिला नीट ओळखू येतो. ओळखून पुढे काय, असं मी विचारत नाही. ती आपणहून सांगते की पुढे अजून काही नाही. अजून पुष्कळ बशा आहेत म्हणते.

लाँड्री बंद असते त्या दिवशी हल्ली मी सकाळीच धाकट्याकडे जाऊन बसतो. पहारा म्हणून नाही. म्हणजे, पहारा म्हणूनच. तो टेबलावर पेला ठेवतो, पाकीट फोडतो, आणि खोलीभर ओल्या कुत्र्याचा वास सुटतो. कॅप्सूल तळहातावर घेऊन तो जरा वेळ तिच्याकडे बघतो, जसा तो नवं औषध हातात आलं की शिवण शोधत कापडाकडे बघतो. आतली शिवण कुठेच नाही हे त्याला कळून चुकलेलं आहे. पुतणी दारात उभी राहून केस विंचरत असते आणि आमच्याकडे बघत नसल्याचं नाटक करत असते.

परवा त्याने कॅप्सूल तशीच हातात धरली आणि दुसऱ्या हाताने माझा हात ओढून त्या जागेवर ठेवला. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच. सदऱ्याखाली ते होतं, गरम, जरा टणक.

"काय म्हणतंय तुझं?"

मी कान दिला. खरोखरच दिला या वेळी. पुतणीचा कंगवा थांबला.

"म्हणतंय," मी म्हटलं, "काम चालू आहे."

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. त्या पाटीचं त्याला ठाऊक आहे; माझ्या ऑइलच्या कपड्यांबरोबर ती पाटीही त्याच्याच दुकानात धुवायला यायची.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"ते मी विचारलं नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायला. नेहमीइतकंच. एकच पेला.